कडकट्ट क्लबची सातवी ढाल

"खिडकी बंद करा, रुपरावजी," नत्थूजी म्हणाले.

रुपरावचा हात तारयंत्रावर तसाच थांबला. एकोणिसावी चाल व्हायची होती. पटावर त्याचा वजीर अडकला होता आणि मे महिन्याची दुपार नागपुरावर नुसती आग ओकत होती.

"बंद? जीव जाईन ना जी गर्मीनं!"

"जाऊ द्या. बाहेरून आवाज येऊन राहिला."

आवाज येतच होता. तारघराच्या मागच्या भिंतीला लागूनच रुपरावचे क्वार्टर होते. तिथे स्वयंपाकघरात त्याची बायको सुभद्रा खलबत्त्यात मसाला कुटत होती. ठक्, ठक्, घर्र, ठक्.

कडकट्ट क्लब म्हणजे मालधक्क्याजवळच्या या तारघरातल्या बाबूंचे बुद्धिबळ मंडळ. १९६६ साली एक पट आणि चार माणसे एवढ्यावर सुरू झालेले. समोरचा संघ कधी समोर नसायचाच. तो तिकडे जबलपूरला, आपल्या तारघरात बसलेला असायचा. उन्हाळ्यातल्या एका रविवारी लाइन मोकळी मिळाली की चाली तारेवरून जायच्या-यायच्या आणि यंत्र दिवसभर कडकट्ट बोलत राहायचे. क्लबच्या वहीत सहा वर्षांच्या सहा ढाली नोंदलेल्या होत्या आणि प्रत्येक ढालीपुढे विजेता म्हणून एकच नाव होते. रुपराव.

खरे सांगायचे तर रुपरावला सोंगट्या कशा चालतात यापलीकडे काही येत नव्हते. खेळायची ती सुभद्रा. बुद्धिबळ ती माहेरी बापाकडून शिकली होती आणि तारेची भाषा लग्नानंतर नवऱ्याकडून. खिडकीतून यंत्राचा आवाज ऐकायचा, पाटावर डाळीचे दाणे मांडायचे आणि उत्तर खलबत्त्यातून द्यायचे. ठोका म्हणजे ठिपका, घासा म्हणजे रेघ. संघात नोकरीतलाच माणूस चालेल, असा नियम होता. मग बिचारीने दुसरे काय करावे?

पण यंदा कुणीतरी जबलपूरला काडी लावली. नागपूरचा कप्तान पानठेल्यावर कोणालाही हरवू शकत नाही, मग तारेवरच कसा वाघ होतो? झाले, दोन्ही संघांनी एकमेकांकडे निरीक्षक पाठवायचे ठरले. तिकडून नत्थूजी आले, इकडून बळीराम गेला. जाताना रुपरावनेच त्याला बजावले होते, "बारीक नजर ठेवजो गा." चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते असे. लबाडी सापडली तर सहाही ढाली परत जाणार होत्या, क्लबला कुलूप लागणार होते आणि रुपरावला तारघरात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

ठक्, घर्र...

नत्थूजींनी स्वतः उठून खिडकी लावली. कडी घातली. आतापर्यंतच्या ठोक्यांवरून एवढेच कळले होते की घोडा हलवायचा. कुठे, ते भिंतीपलीकडे राहिले.

"नियम दोहीकडं सारखा पायजे," नत्थूजी म्हणाले. "तिकडं बळीरामलेही सांगा, खिडक्या लावा म्हणून."

रुपरावने निरोप पाठवला. जबलपूरहून 'समजले' आले.

घोडे दोन, घरे पाच. रुपरावने मनात देवाचे नाव घेतले आणि एक घोडा एका घरात ठेवला. चाल तारेवर गेली आणि मगच त्याला दिसले की समोरच्या उंटाच्या थेट तोंडात त्याने घोडा दिला होता. फुकट! त्याच्या कानशिलावरून घाम गळू लागला. नत्थूजी पटाकडे नव्हे, त्याच्याच तोंडाकडे पाहत होते.

जबलपूर गप्प झाले. पाच मिनिटे, दहा मिनिटे, पंधरा. तिकडचा कप्तान शालिकराम सहसा इतका वेळ घेत नसे.

मग यंत्र बोलले. शालिकरामने कडेचे एक प्यादे एक घर पुढे सरकवले होते. घोड्याला हातही लावला नव्हता.

रुपराव पुढे खेळत राहिला. कधी वजीर मागे, कधी हत्ती पुढे. शालिकराम चुकत होता, तोही चुकत होता, पण शालिकराम जरा जास्तच चुकत होता. एकेचाळिसाव्या चालीला रुपरावने हत्तीने शह दिला. ती मात आहे, हे त्याला नत्थूजींनीच दाखवले.

"माफ करा, रुपरावजी," नत्थूजींनी हात जोडले. "लोकं काहीबी बोलतात. पन आमचे शालिकराम आज काहून असे खेळले, देव जाने."

वहीत सातवी ढाल नोंदवून रुपराव धावतच घरी गेला. सुभद्रा खलबत्त्यापाशी बसून होती. तिचा चेहरा उतरला होता.

"अजी, सापडलो का आपन?"

"जिंकलो वं! मी जिंकलो. एकट्यानं!"

त्याचे डोळे भरून आले. सहा वर्षे दुसऱ्याची शाबासकी खाऊन खाऊन त्याला स्वतःचीच लाज वाटत आली होती. आज पहिल्यांदा ढाल त्याची स्वतःची होती. हातपाय न धुताच तो एकेक चाल सांगू लागला आणि सुभद्रा पाटावर दाणे हलवत गेली. कौतुकाने ऐकत होती. मधेच तिने फोडणीच्या डब्याखालचे आंतर्देशीय पत्र सरकवून जागा केली. पत्र गोपिकाचे, शालिकरामच्या बायकोचे. दोन वर्षांपूर्वी ढाल घ्यायला रुपराव-सुभद्रा जबलपूरला गेले, तेव्हा त्या दोघी दिवसभर खलबत्त्याबद्दलच बोलत बसल्या होत्या. बायकांना कुठेही स्वयंपाकघर सापडते, असे रुपराव तेव्हा हसून म्हणाला होता.

घोड्याच्या चालीशी सुभद्राचा हात थांबला.

"हा घोडा फुकट होता. अन् त्यानं नाही घेतला?"

"नाही घेतला. घाबरला असन मले."

सुभद्राने घोड्याचा दाणा उचलून पुन्हा त्याच घरात ठेवला.

"तिकडच्याही खिडक्या लावाले सांगतल्या होत्या काय जी तुमी?"

"हो. काहून?"

"मंग बरोबर आहे," सुभद्रा दाणे गोळा करत म्हणाली. "गोपिकानं तो घोडा सोडला नसता."