दुसरा हात
ताईच्या लग्नाचा चुडा भरायला कासारीण सातपूरच्या घरी आली, तेव्हा निशिगंधा उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ड्रेस घालून, फोन मुठीत धरून बसली होती. "करवलीबाई, हात आणा इकडं," म्हणत कासारणीने तिची बाही वर सारली आणि ती थबकली. मनगटावर ओरखड्यांचे वण होते. "आमचं मांजर फार नखं मारतं," आई घाईने म्हणाली. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दुसऱ्या हातातल्या फोनवर एकामागून एक मेसेज येत होते. स्वतःला केलेल्या जखमांचे फोटो टाकणाऱ्या ग्रुपवरच्या अनोळखी मुलींना आज तिची नवी जखम बघायची होती. "सैल सोड हात," कासारणीने सांगितलं आणि त्या वणांवरून हिरव्या बांगड्या अलगद चढवल्या. "आता दुसरा." निशिगंधाने तो ग्रुप उघडून फोन आईच्या मांडीवर ठेवला आणि सगळ्यांदेखत दुसरी बाही स्वतःच वर केली. "आपल्याकडे मांजर नाही, आई. हे मी केलं. यातलं वाच, मग मलाच विचार."