सरांची गोगलगाय

“चोरी ती चोरीच!” सरांनी टेबलावर मूठ आपटली. माइक एकदा केकाटला आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

टाळ्या पडायलाच हव्या होत्या. परिसंवादाचा विषय होता, ‘संशोधन लेख फुकट वाटणाऱ्यांना तुरुंगात टाकावं का?’ आणि हॉलचं भाडं, चहा, बिस्किटं हा सगळा खर्च तेच लेख विकणाऱ्या कंपनीने उचलला होता. चर्चा अर्थातच निःपक्षपाती होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आरोपी बसली होती. सरांचीच जुनी विद्यार्थिनी. कंपनीच्या कुलपातले लेख काढून तिने इंटरनेटवर लोकांना वाटले होते. सध्या ती जामिनावर होती. पुन्हा एक जरी लेख कुणाला दिला, तर जामीन रद्द, अशी अट होती. तिचं म्हणणं ऐकून घ्यायला थोडा वेळ राखून ठेवला होता, तो तिची ओळख करून देण्यातच निम्मा संपला.

कंपनीच्या वकिलांची एक अडचण होती. कंपनी रडली तर कुणालाच पाझर फुटत नाही. रडायला लेखक हवा. म्हणून सरांना बोलावलं होतं. आयुष्यातला त्यांचा एकमेव मोठा लेख याच कंपनीच्या कुलपात होता. परिसंवाद संपला की सरांनी सगळ्यांसमोर तक्रारीवर सही करायची आणि या मुलीने आत जायचं, असा बेत होता.

लेख गोगलगायीवर होता. कोरड्या दिवसांत गोगलगाय कवचाचं तोंड लिंपून आत कशी पडून राहते, यावर. त्यापायी सरांनी भर तारुण्य एका ओलसर शेडमध्ये काढलं होतं. लिहिल्याचा एक पैसा त्यांना मिळाला नाही. तो तपासणाऱ्या दुसऱ्या सरांनाही नाही. लष्कराच्या भाकऱ्या दोघांनी भाजल्या, विकल्या कंपनीने. पण मान मिळाला की नाही? सरांच्या मते, मिळाला होता. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची बायको इतकी वर्षं म्हणत आली होती, “अहो, तो लेख एकदा दाखवा तरी.” त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं असे, “कॉलेजात आहे.”

“मी तुला शिकवलं,” सर मुलीकडे वळले. त्यांचा आवाज भरून आला. वकिलांनी समाधानाने मान डोलावली. “आणि तू माझ्याच घरावर दरोडा घातलास? माझा लेख उचलताना तुझा हात थरथरला नाही?”

मुलगी गोंधळली. “तुमचा लेख मी कुठे उचलला, सर?”

“चोराच्या उलट्या बोंबा!”

“नाही हो, सर. मी सरसकट काही काढत नव्हते. कुणी मागितला, की तेवढा लेख शोधून द्यायची.” ती अडखळली. एवढी मोठी गुन्हेगार, पण तिला साधं खोटं बोलता येत नव्हतं. “तुमचा कुणी मागितलाच नाही.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा हॉल हसला. वकिलांनी घाईघाईने खूण केली आणि चहाची सुट्टी जाहीर झाली.

सर व्हरांड्यात येऊन उभे राहिले. लेख चोरीला गेल्याचं दुःख त्यांनी महिनाभर गावभर मिरवलं होतं. तो चोरायच्याही लायकीचा नाही, हे दुःख आता कुठे मिरवणार? त्यांना भयंकर लाज वाटली. मग त्यांना मुलगी दिसली. पाण्याच्या कूलरपाशी ती एकटीच उभी होती. सर आजूबाजूला बघत, चोरासारखे तिच्याजवळ गेले.

“तो लेख… मिळेल का गं?”

“तुम्हाला? तुमच्याकडे नाही?”

“कॉलेजने वर्गणी बंद केली. कंपनीकडे मागितला तर म्हणाले, इतरांसारखे पैसे भरा. माझी प्रत जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेली.” सर खाली बघत म्हणाले, “कितीतरी वर्षं झाली, मीच तो पाहिलेला नाही.”

मुलगी म्हणाली, “मी आत्ता दिला, तर तुम्हाला तक्रारीवर सही करता येईल, सर.”

हे सरांच्या खरोखरच डोक्यात आलं नव्हतं. “येईल,” ते म्हणाले.

तिने सुस्कारा सोडला आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

चहा संपायच्या आत सरांचा मोबाइल थरथरला. त्यांनी चष्मा चढवला. पहिलंच वाक्य समोर आलं: ‘गोगलगाय मेलेली दिसते, तेव्हा बहुधा ती वाट पाहत असते.’ हे आपण लिहिलं होतं? कवचाची ती आकृतीही होती, रात्र रात्र जागून हाताने काढलेली. सरांना पुढची ओळ दिसेना. चष्मा पुसला तरी दिसेना. बायको कधी शेजारी येऊन उभी राहिली, तेही त्यांना कळलं नाही.

“किती छान लिहायचात हो तुम्ही,” ती म्हणाली.

तेवढ्यात वकील पेन उघडून धावत आले. तक्रारीचा कागद त्यांनी सरांपुढे धरला. “सर, जरा नीट आठवून बघा. तुमचं काहीतरी चोरीला गेलं असेलच की!”

मुलीने लॅपटॉप बंद करून छातीशी धरला. सरांनी मोबाइल बायकोच्या हातात दिला आणि वकिलांच्या पेनाचं टोपण स्वतःच्या हाताने लावलं.

“गेलं होतं ना,” सर म्हणाले. “तुमच्याकडेच निघालं.”