काचेमागचा पट्टा

"आक्का, ह्यो लईच विटलाय. काचेत शोभायचा न्हाई," म्हणत स्मारक समितीच्या अध्यक्षांनी हौसाक्काच्या शहीद लेकाचा काडतुसांचा पट्टा परत केला. लेकाच्या शेवटच्या सुट्टीत तिनेच त्या पट्ट्याला लाल दोऱ्याने टाके घातले होते.

उद्घाटनाला काचेमागे नाटकाच्या सामानातला पट्टा झळकला. काडतुसं लाकडाची, वर पितळी रंग. त्याला हात जोडून मंत्री माइकवर गरजले, "हाच पट्टा बांधून तो लढला!"

हौसाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर सभेतून उठून तिने घर गाठलं आणि खरा पट्टा पिशवीत घालून तरातरा परतली.

दारावर तालुक्याहून आलेल्या पोलिसाने पिशवी उघडून पाहिली.

"काडतुसांचा पट्टा? असलं काही आत नेता यायचं नाही, मावशी. आत शहिदाचं स्मारक आहे."