उपकारस्तुतीची पाटी

भक्तीतही मत्सर शिरतो, आणि देवापुढे ठेवलेल्या वस्तूंवरून माणसे एकमेकांना जोखू लागतात.

वडूजच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या रविवारी प्रत्येक कुटुंब आपल्या रानातील पहिले पीक वेदीपुढे ठेवते. दरवर्षी सुवार्ताबाईंची मक्याच्या कणसांची पाटी सर्वांत देखणी असे, आणि शेजारचे रान असलेल्या एस्तेरबाई मनातून जळत. यंदा मात्र सुवार्ताबाई रिकाम्या हातांनी आल्या.

"का गं, यंदा रान रुसलं व्हय?" एस्तेरबाईंनी हसून टोमणा मारला.

"तसंच समज, बाई."

उपासना संपली तेव्हा दारात आकाराम धनगर उभा होता. "सुवार्ताकाकू, मेंढरं जगली बगा! चारा कुटंच न्हवता. ह्या एस्तेरकाकूंनी बांधावरनंच हाकललं, अन् तुमी उभा मका मोकळा सोडलासा."

"त्यो मका मी प्रभूलाच दिलाय रं," सुवार्ताबाई संकोचून म्हणाल्या.

एस्तेरबाईंची मान खाली गेली. आजवर त्यांना त्या कणसांचा हेवा वाटे. आज प्रथमच त्या रिकाम्या हातांचा वाटला.

असा हेवा जिच्या मनात जागला आणि जिच्यामुळे जागला, त्या दोघींचेही प्रभू कल्याण करो.