पुण्याला निघालेली पिकअप

सेल्फ फिरला, इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

नंदकिशोरने किल्ली पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. पिकअपच्या मागच्या हौदात गाद्या, पिठाचे डबे, लोणच्याच्या बरण्या दोरीने बांधून तयार होत्या. शोभा ठेवणीतली साडी नेसून शेजारच्या सीटवर बसली होती. आणि कुंपणापलीकडे शेजारचा देवीलाल चहाची बशी तोंडाला लावून उभाच होता.

"काय बाबूजी, आजबी पुणं कॅन्सल?"

"आज नाई तर उद्या जाईन. पन ह्याच गाडीनं जाईन!"

"त्यापेक्षा मले देऊन टाका. बकऱ्या वाहीन."

"टायरातली हवाबी नाई देत तुले!"

शोभा हळूच खाली उतरली. "असू द्या," ती म्हणाली. "हात पुसा. चहा मांडू का?"

नंदकिशोर कळंबच्या पाटबंधारे कचेरीतून निवृत्त झाला, तेव्हापासून पुण्यातल्या मुलाचं, सलीलचं एकच पालुपद चाललं होतं. गाडी भंगारात द्या, आईला घेऊन ट्रॅव्हल्समध्ये बसा आणि कायमचे पुण्याला या. खोली तयार आहे. नंदकिशोरला जायचं नव्हतं असं नाही. नातीवर, खुशीवर त्याचा जीव होता. पण पोराने तिकीट काढावं आणि आपण गाठोड्यासारखं उचललं जावं, हे त्याला मंजूर नव्हतं.

"आमी दोघंबी येतो," त्याने फोनवर सांगून टाकलं होतं. "पन आपल्या गाडीनं. मीच चालवीन. तुह्या सोसायटीच्या गेटात हॉर्न मारीन, तवा खाली ये."

"बाबा, ती यवतमाळपर्यंत तरी पोचेल का?"

"पाह्यजो तू!"

त्या दिवसापासून अंगणातल्या पत्र्याच्या मांडवात गॅरेज उभं राहिलं. गाडी जुनी, डिझेलची. शेतातला कापूस वाहून वाहून हौदाचा पत्रा पातळ झाला होता. मोबाइलवर व्हिडिओ पाहत, शिव्या देत, नंदकिशोर एकेक काम उरकत गेला. मागच्या चाकांवरचे पिचलेले स्प्रिंगचे पाटे बदलले. ब्रेक नवे केले. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा नवा फिल्टर बसवला. समोर पांढरेशुभ्र लाइट लावले. शोभाची कंबर दुखू नये म्हणून तिच्या सीटच्या स्प्रिंगासुद्धा नव्या घातल्या.

शोभा स्टुलावर बसून नट-बोल्टचे पाने देत असे. सुरुवातीला दहा नंबर मागितला की ती बारा द्यायची. पुढे पुढे त्याने हात लांबवायच्या आत नेमका पाना हातात यायला लागला.

"तूच मिस्त्री होऊन राह्यली की," तो हसायचा.

ती पाने पुसून डब्यात ठेवायची. काम आटोपलं की सायकल काढून गावाबाहेरच्या वावरात जायची. माहेरून मिळालेला तो तुकडा ती स्वतःच पेरायची. यंदा तूर जोरात होती.

गाडी मात्र ऐन वेळी दगा द्यायची. पहिल्यांदा निघाले तेव्हा पंपाची वायर निघालेली. उंदराने ओढली असेल, नंदकिशोर म्हणाला. दुसऱ्यांदा बॅटरी उतरलेली. लाइट चालू राहिला असेल. सलीलने शेवटी सांगितलं, "मी माणूस पाठवतो, तो गाडी उचलून नेईल."

"हात तर लावून पाह्य म्हना!" नंदकिशोरने फोन आपटला. मग शोभाकडे वळला. "तुले तर कंटाळा नाई ना आला?"

"मले कायले येईन?" शोभा म्हणाली.

आणि आज हे. चहा झाल्यावर त्याने बोनेट उघडलं. फिल्टरजवळच्या नळीचा नट नुसत्या बोटाने फिरत होता. नळीत हवा शिरली होती, त्यामुळे इंजिनला डिझेल पोचत नव्हतं. पण हा नट काल त्याने स्वतः आवळला होता. असा आवळला होता, की पाना निसटून अंगठा सोलवटला होता. नंदकिशोर अंगठ्याकडे पाहत राहिला. म्हणजे उंदीर नव्हता. लाइटही राहिला नव्हता. कुणीतरी मुद्दाम बिघाड करत होतं.

त्याने कुंपणाकडे पाहिलं.

शोभाला त्याने काही सांगितलं नाही. उगाच घाबरली असती बिचारी. त्याने नट आवळला, नळीतली हवा काढली, किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात गुरगुरली. त्याने ती बंद केली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शोभा, मी यवतमाळले जाऊन येतो! नवा फॅनबेल्ट आनतो. उद्या सकाळी निघू म्हंजे निघू!"

"सावकाश या," ती आतून म्हणाली.

तो स्टँडवर गेला. यवतमाळची बस समोरून निघून गेली, तो चढला नाही. रसवंतीत बसून थोडा वेळ काढला आणि मागच्या बोळाने परत आला. वाटेत एका कुंपणाची काठी उपसून घेतली. पोरगा हसतो, शेजारी हसतो, पण आज हसणाऱ्याचे दात घशात घालायचे होते.

गाडीची पाठ बोळाकडे होती. पलीकडे बोनेट उघडं दिसत होतं. नटावर पाना करकरल्याचा आवाज त्याने ओळखला.

"देव्या, सापडलास आता!" तो गरजला आणि काठी उगारून पुढे धावला.

बोनेटखाली शोभा होती. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत डिझेल माखलेलं. ती दचकली नाही. तिने काठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दोघंबी येतो म्हून तुमी सांगतलं," ती म्हणाली. "मले कोनी इचारलं?"

आणि पुन्हा बोनेटखाली वाकून तिने राहिलेला नट सोडवायला घेतला.