आत काय आहे?

खेळणी करणाऱ्या सुताराला चार महिने नवं काही सुचतच नव्हतं. हात आपोआप बदकंच कोरत. आज दुकानदार नवं खेळणं बघायला येणार होता. वैतागून त्यानं न बघताच हातातल्या डबीचं झाकण चिकटवून टाकलं. उचलली, तर आत काहीतरी गडगडलं. काय राहिलं बरं? "मणी," बायको डबी कानाशी हलवत म्हणाली. "छे, अक्रोड!" म्हणत सासूबाईंनी ती हिसकावली. तिघांची जुंपली, चहा निवून गेला. "कापूनच बघतो," म्हणत त्यानं करवत उचलली आणि हळूच खाली ठेवली. त्याच्या एकाही बदकासाठी घरात कधी भांडण झालं नव्हतं. संध्याकाळी दुकानदारानं डबी तीनदा हलवली. "आत काय आहे हो?" "देवाशपथ, मलाही ठाऊक नाही!" "अशा शंभर बनवा. पण आधी करवत द्या." ती तर सासूबाई केव्हाच गादीखाली घालून बसल्या होत्या.