तीन नंबरची लाईन

“गाणं बंद!” मोहिनीने टेबलावर लोखंडी पट्टी आपटली. “ही कंपनी आहे, भाताच्या आवणीचं शेत नाही.”

तीन नंबरच्या लाईनवरच्या, सुरगाण्याच्या पाड्यांवरून आलेल्या सात बायका गप्प झाल्या. समोरच्या ढिगातून रबरी रिंगा निवडायच्या, चांगल्या डाव्या ट्रेमध्ये, फाटक्या उजव्या. गाणं चाललं की हात आपसूक चालायचे. आता एकेक रिंग उचलायला जीव जात होता.

“आणि आपसात बोलायचं तर नीट मराठीत बोला. तुमचं ते रानातलं इथं नको.”

“बरं, मॅडम,” सगळ्यात म्हातारी फुलाबाई म्हणाली. बाकीच्यांनी खाली मान घातली. त्यातली एक आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली. मोहिनी गर्रकन वळली. “माझ्या तोंडाला काय झालंय गं?”

मे महिना होता. अंबडच्या कारखान्यात पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. मोहिनीच्या पूर्ण बाह्यांचा ब्लाउज पाठीला चिकटला होता, पण ती बाही कधी दुमडायची नाही. सुपरवायझरने सुपरवायझरसारखं दिसावं, असं तिचं म्हणणं. या बायकांसारखे गोंदलेले हात उघडे टाकून बसायचं म्हणजे शोभाच.

तिची हंगामी नेमणूक शनिवारी संपत होती. कायम झाली तर जूनमध्ये रोशनीचं इंग्रजी शाळेत नाव घालता येणार होतं. मुलीच्या कानावर असलं काही पडू नये, म्हणून तर तिने घरही या बायकांच्या वस्तीपासून लांब घेतलं होतं.

कायम होण्याची जागा एकच होती आणि दुसरा उमेदवार दोन नंबरच्या लाईनचा किशोर. सायखेड्याचा, म्हणजे या बायकांच्या मुलखाबाहेरचा. बायकांबरोबर जमिनीवर बसून नागलीची भाकरी खायचा, त्यांचे शब्द मोडूनतोडून बोलायचा. मोहिनीला त्याच्याकडे बघूनच किळस यायची.

शनिवारी कंपनीचे मॅनेजर हर्षल सर आकड्यांचा कागद घेऊन दोन्ही लाईनींच्या मध्ये उभे राहिले.

“बायका त्याच गावच्या, माल तोच. दोन नंबर दीडपट काढते. कसं काय, किशोर?”

“काय नाय सर. त्यांच्यासंगं गातो. मला सूर नाय, बाया हसत्यात, पण हात थांबत नाय.”

“सर, कंपनी आहे का तमाशा?” मोहिनी म्हणाली. “यांच्या भाषेत बोललं की या डोक्यावर बसतात. ही माणसं सुधारणारी नाहीत.”

“दिवाळीनंतर अजून पन्नास बायका येताहेत, मॅडम. मला त्यांच्याशी बोलू शकणारा माणूस हवा. किशोरचं अजून कच्चंच आहे. तुम्हाला थोडंफार येत असेल, तर जागा तुमची.”

क्षणभर मोहिनीचे ओठ हलले. मग तिने मान ताठ केली.

“मला? सर, मी पक्की नाशिकची. त्यातलं अक्षर कळत नाही.”

“फुलाबाई, तुम्ही शिकवाल मॅडमना?”

फुलाबाईने हातातली रिंग प्रकाशात धरली. निरखून पाहिली. उजव्या ट्रेमध्ये टाकली.

“नाय साहेब. त्यांना नाय यायची.”

जागा किशोरला गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोहिनीने पर्स उचलली आणि कुणाकडे न बघता निघाली. अडाणी ते अडाणीच, मनात म्हणत राहिली.

गेटबाहेर रिक्षाला हात करताना तिची बाही कोपरापर्यंत सरकली. मागून कुणीतरी तिचा हात धरला. फुलाबाई होती. तिने आजूबाजूला पाहिलं आणि बाही हळूच खाली ओढून मनगटावरचे गोंदलेले हिरवे ठिपके झाकले. मग कमरेची पुरचुंडी सोडून मोहिनीच्या हातात दिली.

“नागलीचे पापड हायेत,” ती म्हणाली. “रोशनीला दे. आजीनं दिले म्हणून नको सांगू.”